हाताची सूज: नुसता फिजिओ, व्हॉट्सअॅप ग्रुप की भेटून बसणाऱ्या बायका?

परवा एका ताईनं विचारलं, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, आता हात सुजतोय, डॉक्टर लिम्फेडेमा म्हणाले (म्हणजे अंगातला लसिका नावाचा द्रव नीट वाहून न जाता साचून येणारी सूज), फिजिओकडे जातेच आहे तर मग ग्रुप कशाला, आणि धरायचाच तर कुठला. मी तिन्ही करून बघितलंय, इथं सोलापुरातच, म्हणून सविस्तर लिहिते.

फिजिओ सोडायचाच नाही. हलक्या हाताचा मसाज, बँडेज, व्यायाम, कातडीची काळजी हे शिकलेल्या माणसाकडूनच शिकायचं. ही सूज नुसतं पाणी नसते, त्यात प्रोटीन असतं, त्यामुळं लघवीच्या गोळ्यांनी ती जात नाही, आणि मेडिकलमधलं साधं क्रेप बँडेजही चालत नाही, कमी ताणणारं लागतं. पण तिथं आपण अर्धा-पाऊण तास असतो, बाकीचा दिवस घरी. स्लीव्ह, म्हणजे सूज दाबून धरणारी घट्ट बाही, घालून भाकरी कशी थापायची, मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेल्यावर ती हातावर कशी ठेवायची, हे तिथं कोण सांगणार.

ते मला भेटणाऱ्या बायकांनी सांगितलं. आम्ही सहा-सात जणी महिन्यातून एकदा जुळे सोलापुरात एकीच्या घरी बसतो, टेपनं एकमेकींचे हात मोजतो, मनगटापासून दर १० सेंमीवर, दरवेळी त्याच जागी. त्यातल्या एक मावशी विड्या वळतात, त्यांना हत्तीपाय. मला आधी वाटलं, यांचं डासामुळं, माझं ऑपरेशनमुळं, काय जुळणार? पण रोज साबणानं धुवायचं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, भेग दिसली की लगेच मलम, ही शिस्त मी त्यांच्याकडूनच घेतली. घरोघर हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात त्या जंतूंसाठी, जुनी सूज त्यांनी उतरत नाही, मग त्या पायासोबत रोज जगायचं कसं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? एकदा साडी जराशी वर करून पाय दाखवला आणि म्हणाल्या, लग्नकार्यात मी कधी पुढं बसले नाही बघ. त्या दिवशी मी पण पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडले. हे पण सांगते, त्यांचा पाय बघून पहिल्या रात्री मला झोप नव्हती, आपलं पण असंच होणार का म्हणून. तुझंही होईल कदाचित, तेव्हा तिथंच बोलून टाक.

व्हॉट्सअॅपचं म्हणशील तर रात्री दोनला पण कोणीतरी उत्तर देतं, पुण्या-मुंबईचे लोक असतात, स्लीव्ह कुठं मिळते ते कळतं. सांगोला-करमाळ्याकडं राहणारीला तर तेवढाच आधार. पण तेल आणि काढे विकणारे पण तिथंच. माझा हात लाल झाला, गरम लागत होता, मी फोटो टाकला, हळदीचा लेप लाव म्हणून धडाधड मेसेज आले, रात्री थंडी वाजून ताप. सकाळी डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन आहे, अँटिबायोटिक सुरू. असं झालं तर कुठलाच ग्रुप नको, त्याच दिवशी डॉक्टर.

तर तुला सोलापुरात राहून फिजिओसोबत एकच काही धरायचं असेल तर भेटणाऱ्यांत ये. बोलायचं नसेल तर नुसती बस, कोणी काही विचारत नाही. येताना सैल बाह्यांचं ब्लाऊज घाल, मोजायला सोपं जातं.