सासरचे टार्टन, माहेरचे टार्टन की सर्वांसाठी खुले टार्टन?

स्कॉटिश कुळात विवाह करणाऱ्या व्यक्तीला समारंभाच्या आधी एक प्रश्न हमखास पडतो, तो म्हणजे कोणते टार्टन, म्हणजे कुळाची वा प्रदेशाची ओळख सांगणारे चौकडीचे लोकरी कापड, परिधान करावे. कायद्याचे उत्तर सोपे आहे. २००८ च्या कायद्यानुसार निर्माण झालेली टार्टनची अधिकृत नोंदवही एडिंबरामध्ये ठेवली जाते आणि तीत चौकडीच्या नमुन्याची नोंद होते. तो नमुना अंगावर कोणी घालावा, याचा निर्णय ती देत नाही. राजघराण्यासाठी राखून ठेवलेले बाल्मोरल हे टार्टन सोडले, तर बाकीचा सारा व्यवहार शिष्टाचाराचा आहे. हा शिष्टाचारही मानला जातो तितका पुरातन नाही. स्कॉटिश डोंगराळ भागाच्या परंपरा जपणाऱ्या लंडनच्या हायलंड सोसायटीने कुळप्रमुखांकडून टार्टनचे नमुने मागवले ते १८१५ मध्ये, आणि ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला त्या १८२२ सालानंतर ‘अमुक आडनावाचे अमुक टार्टन’ ही कल्पना खऱ्या अर्थाने रुजली. तरीही ज्या घरात आपण जाणार आहोत, त्या घरातील वडीलधाऱ्यांना दोनशे वर्षे काही थोडी वाटत नाहीत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

वधूसमोर दोन्ही वाटा मोकळ्या असतात. पतीच्या कुळाचे टार्टन ती विवाहापासून निःसंकोचपणे वापरू शकते, आणि अनेक समारंभांत वराकडील एखादी ज्येष्ठ व्यक्ती तिच्या खांद्यावर त्या टार्टनची सॅश, म्हणजे खांद्यावरून घ्यायचा लांब पट्टा, ब्रोचने अडकवून तिचे कुळात स्वागत करते. माहेरचे टार्टन पुढे चालू ठेवणेही तितकेच प्रतिष्ठित मानले जाते. विवाहानंतरही स्त्रीची ओळख तिच्या जन्मनावाने राखण्याची स्कॉटलंडमधील जुनी रीत पाहता यात नवल नाही. लॉर्ड लायन या राजचिन्हविषयक अधिकाऱ्याच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या सॅशच्या संकेतांत अशा स्त्रीसाठी वेगळी पद्धतच सांगितली आहे: नेहमीपेक्षा लांब सॅश उजव्या खांद्यावर अडकवून तिची टोके डाव्या कमरेवर मोठ्या गाठीने बांधावीत. कुळातील इतर स्त्रिया सॅश उजव्या खांद्यावरच घेतात, पण कमरेवर गाठ बांधत नाहीत. डावा खांदा मात्र कुळप्रमुखाच्या आणि स्कॉटिश पलटणीच्या कर्नलच्या पत्नीसाठी राखलेला आहे.

साडी नेसून समारंभाला उभ्या राहणाऱ्या मराठी वधूची खरी अडचण इथेच होते. आपला पदर डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळे उजव्या खांद्यावरची सॅश त्याला छातीवर छेदून जाते आणि दोन्हींची शोभा कमी होते. सॅश पदराबरोबर डावीकडे घेण्याचा मोह होईल, पण जाणकारांच्या दृष्टीने तो कुळप्रमुखाच्या पत्नीचा मान ठरतो. एकरंगी साडी आणि नीट घड्या घालून अरुंद केलेली सॅश हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. तिला माहेरचे टार्टन नसल्यामुळे निवडीचा प्रश्न मात्र आपोआप सुटतो.

वराची स्थिती अधिक नाजूक आहे. पारंपरिक मताप्रमाणे पुरुष आपल्या आडनावाचे टार्टन वापरतो, आणि ते नसेल तर आईच्या घराण्याचे वापरलेले सहसा खपते. पत्नीच्या कुळाचे टार्टन तो केवळ विवाहाच्या बळावर घालू लागला, तर जुन्या मताची माणसे भुवया उंचावतात. स्कॉटिश घरजावई म्हणा हवे तर. सासऱ्यांनी स्वतःहून सुचवले असेल तर हा आक्षेप उरत नाही, आणि आजच्या विवाहांत वधूकडील मंडळी वराला आपले टार्टन देतात असेही दिसते. असे निमंत्रण नसेल, तर ब्लॅक वॉच, हंटिंग स्ट्युअर्ट किंवा कॅलेडोनिया यांसारखे कोणालाही चालणारे टार्टन, अथवा वधूच्या गावच्या प्रदेशाचे टार्टन घ्यावे. माझा कल वराच्या बाबतीत प्रादेशिक टार्टनकडे आहे, कारण त्यात पत्नीच्या भूमीशी नाते दिसते आणि कुळावर हक्क सांगितल्यासारखे होत नाही.

खर्चाचा विचारही निर्णयात धरावा. पारंपरिक किल्टला, म्हणजे पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार वस्त्राला, साधारण आठ वार लोकरी कापड लागते आणि तो हाताने शिवून घेतल्यास बराच महाग पडतो, म्हणून वराने पहिल्या समारंभापुरता भाड्याने घेणे शहाणपणाचे. दुकानात सर्वांसाठी खुली टार्टने सहज मिळतात, दुर्मीळ आडनावाचे मिळेलच असे नाही. सॅश त्या मानाने स्वस्त असते, त्यामुळे वधू सासरची आणि माहेरची अशा दोन्ही ठेवू शकते. त्या एकाच वेळी अंगावर घेऊ नयेत, कारण एका पोशाखात दोन टार्टने मिसळणे शिष्टसंमत मानले जात नाही. विवाहविधीला एक आणि रात्रीच्या नृत्याला दुसरी, असे करायला हरकत नाही.