प्रिंटर चांगलाय, पण शाई कोण पितं ते आधी बघा

वापरून तीन वर्षं झाली म्हणून आता लिहितेय, पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळी झाले असते आणि आज स्वतःलाच शिव्या घातल्या असत्या. वस्तू म्हणजे घरगुती इंकजेट प्रिंटर, प्रिंट स्कॅन कॉपी तिन्ही करणारा, चार रंगांच्या चार वेगळ्या कार्ट्रिज, म्हणजे शाईच्या डब्या. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, याच्या आधीचा दुसऱ्या कंपनीचा होता आणि रडगाणं हेच होतं.

चांगलं आधी सांगून टाकते. प्रिंट झकास, फोटो तर खरंच सुंदर येतात, स्कॅनर उत्तम, वायफाय एकदा जोडलं की परत त्रास नाही, कागद अडकला तर मागचं झाकण उघडून दोन मिनिटांत निघतो. मशीन म्हणून तक्रार शून्य. आणि स्वस्त, म्हणजे संशय यावा इतका स्वस्त. चार कार्ट्रिजचे दोन सेट घेतले की तेवढ्यात नवा प्रिंटर येतो. नाल सापडली म्हणून घोडा घेणारे आपण ऐकलेत, इथे घोडा जवळजवळ फुकट देतात आणि मग जन्मभर नाल विकतात.

भाऊ म्हणाला, मग दरवेळी नवीन प्रिंटरच घेत जा की. तसं नाही रे बाबा. बऱ्याच मॉडेलच्या खोक्यात येणाऱ्या कार्ट्रिज अर्धवट भरलेल्या असतात, त्यात पहिल्यांदा चालू करताना हेडपर्यंत, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागापर्यंत, शाई खेचायला बरीच खर्च होते. म्हणजे तोही रस्ता त्यांनी आधीच बघून ठेवलाय.

आता बघा, जिवावर येणारे खर्च सगळ्यांनाच असतात. पार्किंग, बँकेचे कसले कसले चार्जेस, डिलिव्हरी चार्ज, विसरलो म्हणून विकत घेतलेली पिशवी. कुरकुरत का होईना देतो आपण, कारण पार्किंगचे पैसे दिले की गाडी तरी उभी राहते. शाईचं तसं नाही. छापलेल्या पानाचे पैसे द्यायला माझी अजिबात ना नाहीये, राग आहे तो जी शाई मी कागदावर कधी बघितलीच नाही तिचे पैसे दिल्याचा.

पहिला दणका बसला तो मुलाच्या प्रोजेक्टच्या वेळी. रात्री साडेदहा, सकाळी सबमिट करायचंय, सहा पानं, सगळा काळा मजकूर, एक रेघसुद्धा रंगीत नाही. मशीन म्हणे निळी संपली, बदलल्याशिवाय छापणार नाही. काळी अर्ध्याच्या वर शिल्लक! सासरे शेजारी बसून बघत होते, म्हणाले, "अगं, काळं लिहायला निळी कशाला लागते त्याला?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर खोदकाम केलं तेव्हा कळलं की साध्या सेटिंगवर हे प्रिंटर काळ्यात आणि करड्यात इतर रंग मिसळतात, आणि ज्यांच्यात शाई तापवून उडवतात त्या हेडला थंड ठेवायचं कामही शाईच करते, कोरडं चाललं तर हेड जळू शकतं. कारण पटतं. पण मग सहा पानांपुरतं फक्त काळ्यावर चालव अशी सोय का नाही? काही मॉडेलमधे आहे, ती पण साधा कागद निवडला तरच चालते. माझ्यात नाही. पानं शेवटी शेजारच्या काकूंकडे जाऊन छापली, रात्री अकराला, त्या बिचाऱ्या झोपायच्या तयारीत होत्या.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा, हा मात्र नीट वाचा कारण बऱ्याच घरांत हेच चालू असणार. मी वीज वाचवायची म्हणून काम झालं की प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करायचे. अडीच वर्षं केलं हे. होतं काय, प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड जागेवर जाऊन बसतं आणि त्यावर रबराची टोपी लागते, म्हणजे शाई वाळत नाही. थेट वीज तोडली तर टोपी लागलीच असेल याची खात्री नाही. मग नॉझल, केसाहून बारीक भोकं असतात ती, वाळून बुजायला लागतात. आणि परत चालू केला की तो स्वतःहून साफसफाई करतो, ते घर्रर्र खर्रर्र करत दोन मिनिटं चालतं ना, ते. ती साफसफाई पाण्याने नाही होत, शाईनेच होते. पंप लावून चारही रंगांची शाई हेडमधून खेचून टाकून देतात. म्हणजे मी चार पैशांची वीज वाचवायला रोज शाई गटारात ओतत होते.

गटार शब्द उगाच नाही वापरला. ते खरंच असतं, आत, तळाशी. मला ते कळलं दोन वर्षं उलटल्यावर, जेव्हा स्क्रीनवर मेसेज आला की शाई शोषणारा पॅड भरत आलाय, सर्व्हिस करून घ्या. सर्व्हिसचा मुलगा आला, त्याने खालचा भाग उघडून एक नमद्यासारखा जाड तुकडा चिमट्याने बाहेर काढला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. काळाकुट्ट, ओलाचिंब, हाताला चांगला जड. मी विचारलं, दादा हे काय आहे. तो म्हणाला, "ताई, ही तुमचीच शाई." आणि शांतपणे दुसरा तुकडा काढायला लागला. वर्तमानपत्राच्या चार घड्यांतून ओल खालच्या फरशीपर्यंत उतरली, तो डाग अजून आहे.

त्या मुलाला मी चहा दिला आणि बरंच काही विचारून घेतलं. माझ्या रंगीत कार्ट्रिजमधे शाई असते पाचेक मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. हा एक चमचा बघून कुणी तेवढे पैसे देईल का? म्हणून तर ती काळ्या प्लास्टिकच्या खोक्यात असते. थेंब अर्थात फार बारीक असतो हे मान्य, पाच पिकोलिटरचा धरला तर एका मिलिलिटरमधे वीस कोटी थेंब बसतात, त्यामुळे चमचाभर शाईत बरंच काही छापता येतं. छापलं तर.

इथेच खोक्यावरच्या आकड्याची गंमत आहे. अमुक इतकी पानं असं लिहितात ते खोटं नसतं, त्याला आयएसओ २४७११ नावाचं स्टँडर्ड आहे, ठरलेली पाच रंगीत पानं जवळपास सलग छापत राहायची आणि कार्ट्रिज संपेपर्यंत मोजायचं. पण सलग! घरात कोण सलग छापतं? आपण आठवड्याला दोन पानं छापणार, मधे पंधरा दिवस काहीच नाही, आणि दर वेळी आधी घर्रर्र खर्रर्र. माझ्या खोक्यावर १८० लिहिलंय, मी एकदा भिंतीवर पेन्सिलने रेघा मारून मोजलं तर ६४ निघाली. म्हणजे जितकं कमी छापाल तितकं एकेक पान महाग, काटकसर करणाऱ्यालाच जास्त फटका, हे असलं गणित दुसऱ्या कुठल्या वस्तूचं असेल असं वाटत नाही.

मग बाहेरच्या कंपनीची स्वस्त कार्ट्रिज लावून बघितली. सुरुवातीला चालली पण छान. एक दिवस प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा अपडेट आला, मी सवयीने ओके केलं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन म्हणतंय कार्ट्रिज ओळखता येत नाही. प्रत्येक कार्ट्रिजवर एक छोटी चिप असते, नखाएवढी, शाई किती उरली हे तीच सांगते आणि मी कोणाची हेही तीच सांगते. अमेरिकेत लेक्समार्क या प्रिंटर कंपनीची केस पार सुप्रीम कोर्टात गेली होती, २०१७ ला निकाल लागला की एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीला पेटंटचा हक्क सांगता येत नाही, दुसऱ्याने भरून विकली तरी. ठीक आहे, कोर्ट म्हणालं भरा, पण चिपने नाही म्हटलं तर भरून करणार काय. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. (ऑटो अपडेट बंद करून ठेवा, ज्यांचं अजून चालतंय त्यांनी आजच.)

घ्यावा का, तर फोटो आणि रंगीत बरंच छापणार असाल, आणि नियमित, तर घ्या, पण कार्ट्रिजवाला नको, टाकीवाला बघा. तो घेतानाच महाग पडतो कारण त्यांना पैसे तिथेच काढायचे असतात, पण शाई बाटलीतून ओतायची, काळ्याची एक बाटली सत्तरेक मिलिलिटर, चमच्याचा हिशोब नाही. साफसफाई त्यालाही लागते, पॅड त्यालाही आहे, फक्त तेवढं झोंबत नाही. माझ्यासारखं महिन्यातून चार काळी पानं छापणाऱ्याने सरळ काळा-पांढरा लेझर घ्यावा. त्यात शाई नाहीच, कोरडी पूड असते, सहा महिने हात नाही लावला तरी वाळायला काही नाही. मी गेल्या महिन्यात घेतला. आणि इंकजेट कुणाला देणार असाल तर त्याला हा मजकूर आधी वाचायला द्या, नाहीतर संबंध बिघडतील.

आमचा इंकजेट अजून घरातच आहे, स्कॅनर चांगला असल्यामुळे टाकवत नाही. स्वतःच्या बटणानेच बंद करते आता. मधे निळी परत संपली तेव्हा म्हटलं संपू दे, आपल्याला कुठे छापायचंय, आणि एक कागद स्कॅनला ठेवला. स्क्रीनवर आलं, कार्ट्रिज बदला. स्कॅन करायला! नवरा हसत हसत सोफ्यावरून घसरला. शेवटी आणली नवीन. आता महिन्यातून एकदा कागद स्कॅन करायला चालू करते, तो घर्रर्र खर्रर्र करतो, आणि नवीन पॅडमधे थोडी निळी जाते.

तीन स्टार. त्यातले अडीच स्कॅनरला.