शोरूमचं नेव्हिगेशन: स्क्रीनआधी अँटेना कुठे बसवतात ते बघा

नवी गाडी मधल्या मॉडेलची घेतली. वरच्या मॉडेलला नेव्हिगेशन कंपनीतूनच बसून येत होतं, पण त्यासोबत सनरूफ आणि अलॉय व्हील्सही गळ्यात पडत होती आणि फरक दीड लाखाच्या पुढे जात होता. शोरूमच्या अ‍ॅक्सेसरीज काउंटरवर नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा आणि मेमरी कार्डातला भारताचा नकाशा यांचे मिळून 36 हजार सांगितले, घासाघीस करून 31 वर आणले. माझं काम बँकेच्या ग्रामीण शाखा तपासण्याचं. नाशिकहून पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा ही नेहमीची वाट. एक पूर्ण पावसाळा आणि हिवाळा वापरून हे लिहिते आहे.

बसवताना मी वर्कशॉपमध्ये थांबले होते आणि तुम्हीही थांबा, काउंटरवाला कितीही म्हणाला की मॅडम वेटिंग लाउंजमध्ये चहा घ्या. फिटर मुलगा हाताने तरबेज होता. प्लॅस्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डची फ्रेम एक ओरखडा न पाडता काढली. वायरिंग सगळं कपलरला कपलर जोडून केलं, मूळ वायर एकही कापली नाही. हे आधीच ठरवून बिलावर लिहून घेतलं होतं, कारण वायर कापून टेप गुंडाळली आणि पुढे कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड झाला की वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

अडलं ते अँटेनापाशी. जीपीएसचा अँटेना म्हणजे काडेपेटीएवढा काळा ठोकळा, मागे लोहचुंबक. मुलाने तो स्क्रीनच्या पाठीमागे लोखंडी ब्रॅकेटला चिकटवला आणि फ्रेम लावायला घेतली. मी म्हटलं, दादा, हा वर काचेजवळ घ्या. तो म्हणाला, मॅडम, वर दिसेल, इथे लपून जातो. पण उपग्रहांचा सिग्नल सुमारे 20 हजार किलोमीटरवरून येतो, इथे पोहोचेपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो, आणि धातूच्या आडोशाला तो मरतो. शेवटी समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या वर बसवला. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये किती उपग्रह पकडले ते दिसतं. ब्रॅकेटवर असताना आकडा चारच्या आसपास रेंगाळत होता, वर घेतल्यावर पटकन दोन आकडी झाला. जागा कळायला निदान चार उपग्रह लागतात, म्हणजे आधीच्या जागेवर घाटाचा डोंगर आडवा आला की संपलंच असतं.

त्याचं फळ सुरगाणा-मोखाड्याकडे मिळालं. तिकडे मैलोन् मैल मोबाइलला रेंज नसते. फोनवरचा नकाशा आधी डाउनलोड केला नसेल तर नुसती करडी चौकट दिसते. कार्डातल्या नकाशाला इंटरनेट लागतच नाही. भर पावसात, धुक्यात, खोडाळ्याच्या पुढे पुलावरून पाणी जात होतं म्हणून परत फिरावं लागलं, तेव्हा त्याने दुसरा रस्ता तिथल्या तिथे काढून दिला. त्या दिवसापुरते तरी पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणेन.

नकाशा मात्र शिळा दिला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. माझी डिलिव्हरी त्यानंतरची, तरी कार्डात तो रस्ता नव्हता. मुंबईला जाताना नेव्हिगेशनमधल्या आवाजाच्या बाई हट्टाने कसारा घाटाकडे वळायला सांगत होत्या आणि पडद्यावर आमची गाडी रस्ता नसलेल्या हिरव्या डोंगरातून चालली होती. तक्रार केली तर अपडेटचे वेगळे पैसे मागितले. नव्या गाडीत जुना नकाशा विकून वर त्याचेच पैसे मागणं मला अजिबात पटलं नाही. मॅनेजरपर्यंत गेले, मग फुकट करून दिलं. तुम्ही डिलिव्हरीच्या आधीच नकाशाची तारीख बघून घ्या.

अपडेटनंतरही इगतपुरीच्या जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यात बाण तोंडाशीच थिजतो आणि पलीकडे बाहेर पडल्यावर उडी मारून पुढे येतो. कंपनीतून बसून येणाऱ्या बऱ्याच सिस्टीम चाकांचा वेग आणि वळणाचा सेन्सर वाचून बोगद्यातही अंदाजाने पुढे सरकत राहतात. शोरूमने बसवलेल्या माझ्या स्क्रीनला ती जोडणीच नाही. बोगद्यात रस्ता एकच, तिथे बिघडत नाही. नाशिकमध्ये मुंबई नाका, द्वारका भागात मात्र पंचाईत होते: गाडी उड्डाणपुलावर आहे की खाली सर्व्हिस रोडला, हे तिला कळत नाही आणि ती भलतीकडे वळायला सांगते. नवख्या माणसाने तिथे पाट्या वाचूनच चालवावं.

रात्रीची एक गोष्ट. पार्किंग लाइटची वायर जोडली नसेल तर अंधारात स्क्रीन मंद होत नाही आणि घाटात डोळ्यांवर उजेड येतो. माझी सुटली होती, पहिल्या सर्व्हिसिंगला जोडून घेतली. आणि हे सगळं कंपनीबाहेरचं इलेक्ट्रिकल सामान असल्यामुळे विम्यात वेगळं नोंदवावं लागतं. काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. बिल पाठवून पॉलिसीत चढवून घेतलं, थोडा प्रीमियम वाढला.

धाकट्या दिराची गाडी पुढच्या महिन्यात येते आहे. त्याचं सगळं फिरणं नाशिक, ठाणे, पुणे. रेंज कायम असते आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फोनवर रस्ता बघायला नियमाने मुभा आहे. त्याला मी नकाशाचं कार्ड काढून टाकायला सांगितलं आहे. नुसती स्क्रीन घे, अँड्रॉइड ऑटोने फोन जोड. पण माझ्या शाखेतली जी सहकारी आता हरसूलच्या बाजूला जाणार आहे, तिला मी कार्डासकटच घ्यायला लावलं.