व्हॅनमधले ‘इंपोर्टेड’ स्पीकर आणि आतला कडप्पा

नाशिकला मुंबई नाका ते पाथर्डी फाटा या पट्ट्यात पांढऱ्या व्हॅनमधून घरगुती स्पीकर विकणारी दोन पोरं भेटली, तर खुशाल गप्पा मारा, पण पाकीट खिशातच ठेवा. माझे सव्वीस हजार त्यांच्याकडे गेले आहेत. आणखी कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितोय.

गोष्ट ठरलेली असते. ‘दादा, हॉटेलची ऑर्डर होती. चार जोड्या सांगितल्या, गोडाऊनवाल्याने पाच चढवल्या. पाचवी परत नेली तर मालक ठेवून घेणार, आम्हाला काय मिळणार? तुम्हीच घ्या.’ खोक्यावर छापील किंमत एक लाख अठरा हजार. सोबत गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग, त्यात परदेशी बंगल्यातले फोटो. सुरुवात साठ हजारांपासून, आणि मी निघतोय असं दिसलं की भाव खाली. ही युक्ती नाशिककरांनी काढलेली नाही. अमेरिकेत ती गेली कित्येक वर्षं चालते, आणि तिकडे तिला ‘व्हाइट व्हॅन’चा धंदा म्हणूनच ओळखतात. आपल्याकडे फक्त व्हॅनच्या काचेवर ‘आई जगदंबा’ असतं.

मला स्पीकर हवे होते ते रॉक मोठ्या आवाजात ऐकायला. ड्रम्स छातीवर आले पाहिजेत, बेस गिटार नुसती ऐकू येऊन भागत नाही. त्यांनी व्हॅनमध्येच बॅटरीवर छोटा अॅम्प्लिफायर लावून डेमो दिला, बासरी आणि बाईचा आवाज. सुंदर वाजलं. बासरी कशावरही सुंदर वाजते. मी माझ्या मोबाइलवरचं गाणं लावायला सांगितलं, तर लावलं, पण आवाज चढवू देईनात. ‘हायवे आहे दादा, पोलीस येतील.’ कारण इतकं पटण्यासारखं की वाद घालायला जागाच नाही.

घरी पन्नास-पन्नास वॉटच्या अॅम्प्लिफायरला जोडले. हळू आवाजात ठीक. नॉब निम्म्यावर नेला आणि किक ड्रम पत्र्याच्या पिंपावर काठी मारावी तसा वाजू लागला. बेस गिटारची सर्वांत जाड तार साधारण 41 हर्ट्झला बोलते. तिथे यांच्याकडे काहीच नव्हतं. उजव्या डब्यातून प्रत्येक ठोक्याला खर्र, म्हणजे कॉइल घासतेय. थोड्या वेळाने अॅम्प्लिफायर हात लावू देईना.

ओळखीचे एक मेकॅनिक काका आहेत, उमेदीची सगळी वर्षं अॅम्प्लिफायर आणि वूफरच्या कॉइल भरण्यात गेलेली. त्यांनी मल्टिमीटर लावला. खोक्यावर आठ ओहम लिहिलं होतं. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो. इथे तीनच्या थोडं वर. म्हणजे माल चार ओहमचा, जास्त करंट ओढणारा, अॅम्प्लिफायर तापणारच. मग जाळी काढून स्क्रू खोलले. खालचा वूफर, म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, दहा इंची दिसतो खरा, पण मागे मॅग्नेट जेमतेम तीन इंचाचं. मधला, ज्याला मिडरेंज (मधल्या आवाजाचा) म्हणून पिवळाधमक कोन बसवला होता, त्याच्या मागे मॅग्नेटही नाही आणि वायरही नाही. नुसता कोन, गोंदाने चिकटवलेला. जाड-बारीक आवाज वेगळे करून ज्याच्या त्याच्याकडे पाठवणाऱ्या क्रॉसओव्हर सर्किटच्या जागी नुसता एक कंडेन्सर. काकांनी आत बोट दाखवलं, ‘हे बघा, वजन कशाचं आहे ते.’ तळाला कडप्प्याचा तुकडा, वर गोंदाचा थर. व्हॅनमध्ये त्या पोराने ‘उचलून तर बघा दादा, माल आहे’ म्हटलं होतं, ते या दगडाच्या जोरावर.

‘लोभ नडला’ असं दोघा-तिघांनी ऐकवलं. फसलेल्यालाच लोभी ठरवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. ऑर्डर रद्द झालेला माल, जुना माल, प्रदर्शनातला माल रोज विकला जातो आणि त्यात चांगला सौदाही मिळतो. दगड भरून विकणं हा सौदा नव्हे.

त्या खोक्यावर ‘1200 वॉट’ होतं. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, म्हणून असे आकडे छापतात, आणि त्याला मोजमापाचं कुठलंही ठरलेलं मानक नाही. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद, आणि त्याहून आधी सेन्सिटिव्हिटी: एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट लागते. 86 डेसिबलचा स्पीकर शंभर वॉटवर 106 ला पोचतो. 92 वाल्याला तिथे जायला पंचवीसच वॉट पुरतात. मोठ्याने ऐकणाऱ्यांसाठी हाच आकडा महत्त्वाचा. क्लिप्शसारख्या स्पीकर कंपन्या हॉर्न (भोंगा) लावतात ते याच कारणाने. छोटा अॅम्प्लिफायर पिळून काढला की तो क्लिप होतो, म्हणजे आवाजाची लाट वरून छाटली जाते, आणि आधी ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जळतो, मग दोष तुमच्यावर. (आणि हो, 100 डेसिबलला पंधरा मिनिटांच्या वर रोज बसू नका. कान दुसरे मिळत नाहीत, जुन्या बाजारातही.)

डेमो घ्यायचा तर आपलं गाणं, आपल्याला हवा तेवढा आवाज, आणि जाळी काढून. हात लावून प्रत्येक ड्रायव्हर (डब्यातला एकेक स्पीकर) हलतोय का ते बघा. ट्वीटरला कान लावा. एम.जी. रोडवरचा दुकानदार यातल्या कशालाही नाही म्हणत नाही, माझा अनुभव तरी तसा आहे. जो नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

खोकंही वाचा. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशाचा, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हे 2011 च्या वजनमाप नियमांनुसार छापलेलं असायलाच हवं. माझ्या खोक्यावर परदेशी वाटणारं नाव, ‘डिझाइन्ड इन जर्मनी’ आणि ती लाखाची किंमत, एवढंच. पत्ता नाही. बिल मागितलं तेव्हा ‘जीएसटी लागेल दादा, वाढवून द्यावे लागतील’ हे उत्तर मिळालं होतं.

आता नंबर बंद आहे. निम्मे पैसे यूपीआयने गेले होते, म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर नोंदवलं आणि पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली. जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, अर्जात तसं लिहा. ज्यांनी दुकानातून घेतलंय, बिल आहे, पण माल असाच निघाला, त्यांना ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि जिल्हा ग्राहक आयोग हा रस्ता मोकळा आहे. दोन वर्षांच्या आत जायचं, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी नाही. माझ्या माणसाचा पत्ताच नाही, तर नोटीस पाठवायची कुणाला हा प्रश्न आहे. उघडलेले डबे, खोकं आणि कडप्पा तपासासाठी तसेच ठेवलेत. व्हॅनचा नंबर कुणी टिपला असेल तर पोलीस ठाण्यात द्यावा, माझ्याकडे नको.