आट्यांची लेन्स की खटक्याची?

फराळाच्या स्टीलच्या डब्यात अकरा लेन्स होत्या. इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या काकांनी स्टुडिओ बंद केला आणि "तुला यातलं कळतं म्हणे, बघ काय ते" म्हणत डबा माझ्या हाती दिला. चार लेन्सना बुरशी, एकीच्या अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाच्या, पाकळ्या तेलाने चिकटलेल्या. झाडूनपुसून मनात भरतील अशा दोनच निघाल्या, आणि नेमक्या त्या एकमेकींच्या तोडीच्या: पेंटॅक्सची सुपर टाकुमार आणि मिनोल्टाची एमसी रोक्कोर-पीजी. दोन्ही ५० मिलिमीटर, दोन्ही एफ १.४ (हा आकडा लहान तितकं भोक मोठं). पहिली आट्यांची, स्क्रूसारखी फिरवत बसवायची, म्हणजे एम४२. दुसरी खटक्याची, मिनोल्टाच्या जुन्या एसआर माउंटची; माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची रचना. माझा कॅमेरा सोनीचा, ई माउंट, लहान सेन्सरचा. दोन्हींना अ‍ॅडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या मधल्या कड्या, घेतले, दोन्ही वर्षभर वापरल्या आणि शेवटी एक ठेवली. तुमचं उत्तर वेगळं निघालं तरी मला नवल वाटणार नाही.

आधी माउंट ओळखण्याबद्दल, कारण पैसे वाया जातात ते तिथे. लेन्सवरचं नाव माउंट सांगेलच असं नाही. याशिकाचंच घ्या. तिच्या कितीतरी जुन्या याशिनॉन आट्यांच्या आहेत, आणि लग्नाच्या फोटोग्राफरांच्या गळ्यात दिसायच्या त्या एफएक्स-३ कॅमेऱ्याच्या लेन्स कॉन्टॅक्स-याशिका माउंटच्या. विविटार, टोकिना यांनी तर एकच लेन्स अनेक माउंटमध्ये विकली. मिनोल्टात १९८५ ची रेघ लक्षात ठेवा: त्या वर्षी ऑटोफोकस आला, माउंट बदलला, आणि तोच पुढे सोनीकडे गेला. त्याचा अ‍ॅडॅप्टर जुन्या रोक्कोरला चालत नाही.

म्हणून लेन्स उलटी करून मागून बघायची. अ‍ॅपर्चरच्या रिंगवर सशाच्या कानांसारखा धातूचा तुकडा स्क्रूने बसवलेला असेल तर निकॉन. अ‍ॅपर्चरची रिंग पार पुढे आणि लेन्स काढायचं बटण लेन्सवरच असेल तर ऑलिंपस ओएम. मागे स्वतंत्र फिरणारी चकचकीत रिंग दिसली तर जुनी कॅनन एफडी. 'एई' ही अक्षरं अ‍ॅपर्चरच्या आकड्यांच्या रांगेत असतील तर बहुधा कोनिका. आणि नुसते आटे दिसले तर एम४२... पण इथेच थोडं थांबा.

डब्यातली एक टेलिफोटो घेऊन मी गावात एका दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "भिया, लग जाएगा, बयालीस ही है।" बेचाळीस होतीच, पण टी२ ची. व्यास दोन्हींचा ४२ मिलिमीटर, मात्र एम४२ च्या आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर आणि टी२ च्या आट्यांमधलं ०.७५. पहिला आटा लागतो, जरा पुढे गेलं की अडतं, आणि आपल्याला वाटतं गंज असेल, लावा जोर. मी जोर लावला. अ‍ॅडॅप्टरचे आटे गेले ते गेलेच. हाताने सहज फिरत नसेल तर तिथेच सोडा, हा एवढा एक नियम पाळला तरी पुरे.

३९ मिलिमीटरच्या आट्यांचं प्रकरण याहून फसवं. जुन्या झेनिटच्या लेन्सलाही ३९ आणि लायकाच्या जुन्या आट्यांच्या लेन्सलाही ३९, पण झेनिटची बसायची जागा फिल्मपासून ४५.२ मिलिमीटरवर, लायकाची २८.८ वर. रशियन इंडस्टार-५० दोन्ही अवतारांत सापडते. लायकाच्या जातीच्या लेन्सला झेनिटचा जाड अ‍ॅडॅप्टर लावला तर लेन्स बसेल, पण फोकस होईल फक्त नाकासमोरच्या वस्तूवर. लायकाच्या जातीच्या लेन्समध्ये मागून बघितलं तर फोकस फिरवताना आतबाहेर होणारी धातूची कड दिसते. ती रेंजफाइंडरशी, म्हणजे कॅमेऱ्यातल्या अंतर मोजणाऱ्या यंत्रणेशी, जोडण्यासाठी असते.

आता त्या दोघींकडे. चित्राच्या बाबतीत मला निवड करता आली नाही, हे कबूल करतो. एफ १.४ ला दोन्ही थोड्या धूसर, २.८ ला दोन्ही लख्ख. रोक्कोरचा रंग मला किंचित ऊबदार वाटला. पण टाकुमार तेव्हा पिवळी पडलेली होती, त्यामुळे ही तुलना फारशी न्यायाची नव्हती. या टाकुमारच्या काचेत थोरियम आहे. त्याचा किरणोत्सर्ग अगदी सौम्य असला तरी वर्षानुवर्षं पडून राहिली की काच चहासारखी पिवळी होते. उन्हात ठेवली की उतरते. मी ती मे महिन्यात गच्चीवर आईच्या साबुदाण्याच्या पापड्यांशेजारी ठेवली, खाली अ‍ॅल्युमिनियमचा कागद घालून, आणि दुपारी उचलून घरात आणत गेलो. इंदूरच्या मेमध्ये दिवसभर धातू तापू दिला तर आतलं वंगण पातळ होऊन पाकळ्यांवर यायची भीती. तीनेक आठवड्यांत काच बरीच निवळली. पापड्यांवर आईची नजर होती, लेन्सवर माझी.

हाताळायला रोक्कोर सरस, यात वाद नाही. लेन्स ठेवायची, थोडी फिरवायची, खट्, झालं. फोकसची खूण बरोबर माथ्यावर. टाकुमारला फेऱ्यांवर फेरे, आणि स्वस्त अ‍ॅडॅप्टरवर खूण जाऊन थांबते घड्याळाच्या दोनवर. अंतराचे आकडे बघायला मान वाकडी करावी लागते. जरा बऱ्या अ‍ॅडॅप्टरच्या कडेला तीन बारीक अ‍ॅलन स्क्रू असतात. ते सैल करून आतली रिंग फिरवली की खूण माथ्यावर आणता येते. घेण्याआधी हे स्क्रू आहेत का ते बघा.

मग रोक्कोर का नाही राहिली? कारण अनंत चतुर्दशी.

इंदूरच्या गिरण्या बंद पडून जमाना झाला, तरी कामगार अजून झांक्या, म्हणजे मिरवणुकीचे सजवलेले चित्ररथ, काढतात आणि सगळं गाव रात्रभर रस्त्यावर असतं. मी जेल रोडवर एका ओट्यावर जागा धरली होती. झांकी हलते, दिवे लुकलुकतात, एफ २ पेक्षा भोक लहान करायची सोय नाही. फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारं पीकिंग एवढ्या उघड्या अ‍ॅपर्चरला थापा मारतं, म्हणून चित्र मोठं करून फोकस करायचं. रिंग उजवीकडे नेली, जरा पुढे गेली, परत डावीकडे घेतली. आणि इथे दर वेळी फोकस हलण्याआधी अख्खी लेन्स अ‍ॅडॅप्टरमध्ये केसभर फिरायची. टिक्. मोठं केलेलं चित्र बाजूला उडायचं, ज्या डोळ्यावर फोकस करत होतो तो चौकटीबाहेर, आणि तो सापडेपर्यंत झांकी पुढे. दिवसा ही टिक् मला कधी जाणवली नव्हती, किंवा जाणवली तरी चालवून घेतली होती. त्या रात्री सत्तरेक फोटो काढले. धारदार निघाले नऊ.

घरी येऊन अ‍ॅडॅप्टर नीट बघितला. लेन्स जिथे अडकते तिथल्या पट्ट्यांना बारीक चीर असते, तीच त्यांची स्प्रिंग. घड्याळाच्या पेचकसाने ती चीर हलकेच उघडली तर पकड घट्ट होते. केली, झाली. दिवाळीपर्यंत पुन्हा सैल. दुसरा, दुप्पट किमतीचा अ‍ॅडॅप्टर आणला; त्यात खुळखुळ कमी होती, पण होती. एखादा महागडा अ‍ॅडॅप्टर अजिबात हलत नसेलही, पण मी तिथवर गेलो नाही. डब्यातून फुकट आलेल्या लेन्ससाठी तेवढा खर्च घरात समजावून सांगणं अवघड होतं.

हिशेब साधा आहे. खटक्याच्या लेन्सला दोन सांधे: लेन्स आणि अ‍ॅडॅप्टर यांच्यात एक, अ‍ॅडॅप्टर आणि कॅमेरा यांच्यात दुसरा. दोन्हीकडे थोडी थोडी ढिलाई, आणि ती बेरजेने हाताला लागते. आट्यांच्या लेन्सचा पहिला सांधा घट्ट पिळला की तो सांधा राहतच नाही. साडेसातशे रुपयांच्या अ‍ॅडॅप्टरवरही टाकुमार एका तुकड्याची वाटते. फेऱ्यांची कटकट मी अशी संपवली की अ‍ॅडॅप्टर लेन्सवरच कायमचा ठेवला. आता बदलायची तर कॅमेऱ्याच्या खटक्यावर बदलायची. नीट पिळली नसेल तर फोकस फिरवताना ती सुटू लागते, हे मात्र खरं. एकदा माझ्याही हातात आली आहे.

एम४२ घेताना अजून एक बघा. काही लेन्सना ऑटो-मॅन्युअलची कळ नसते, मागे नुसती एक पिन असते. ती दाबली गेली नाही तर अ‍ॅपर्चर उघडंच राहतं. अशा लेन्सला आत कड असलेला, पिन दाबून धरणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. टाकुमारला कळ आहे, आणि हेलिओस ४४-२ ला पिनच नाही, म्हणून या दोघींना कुठलाही चालतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. निकॉनचा अ‍ॅडॅप्टर सरळसोट. फक्त लेन्स 'जी' जातीची, म्हणजे अ‍ॅपर्चर रिंग नसलेली नको. कॅनन एफडी स्वस्तात मिळते, पण तिच्या अ‍ॅडॅप्टरवर स्वतःची एक रिंग असते आणि ती विसरली तर अ‍ॅपर्चर हलत नाही. कोनिकाची बसायची जागा ४०.५ मिलिमीटरवर असल्यामुळे एसएलआरवाल्यांनी, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे वापरणाऱ्यांनी, तिला कधी फारसं विचारलं नाही. मिररलेसवर, म्हणजे माझ्या सोनीसारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर, ती मजेत बसते. काच घातलेला अ‍ॅडॅप्टर मिररलेससाठी कुणी देऊ लागला तर नको म्हणा. ती काच वेगळ्या अडचणीसाठी असते. अपवाद लहान सेन्सरला जास्त रुंद दृश्य देणाऱ्या फोकल रिड्यूसरचा, पण ती जात निराळी, किंमतही निराळी.

अनंतावर फोकस होतो का, ते चंद्रावर बघा. स्वस्त अ‍ॅडॅप्टर मुद्दाम जरा पातळ करतात, त्यामुळे चंद्र अनंताच्या खुणेआधीच स्पष्ट होतो. ५० मिलिमीटरला त्याने काही बिघडत नाही. खूण गाठूनही चंद्र धूसरच राहिला तर अ‍ॅडॅप्टर जाड आहे, परत करा.

रोक्कोर मी भाचीला दिली. ती तिपाईवर ठेवून दागिन्यांचे फोटो काढते, एकदा फोकस लावला की हात लावत नाही. तिला टिक् ऐकू येत नाही म्हणते. परवा मात्र तिने विचारलं, "मामा, तुमचा तो आट्यांचा अ‍ॅडॅप्टर कितीला मिळाला होता?"