जुन्या नमुन्याचा जंपर आणि बेळगावच्या पेठेतली लोकर: तीन प्रकार विणून पाहिले

आपल्याकडे झंपर म्हटलं की साडीवरचा ब्लाउज डोळ्यांसमोर येतो. १९३० ते ५० च्या दरम्यानच्या इंग्रजी विणकाम-पत्रकांतला जंपर म्हणजे डोक्यातून घालायचा, अंगाबरोबर बसणारा, कमरेशी संपणारा बारीक लोकरीचा स्वेटर. खांद्यापासून लांबी जेमतेम १८-१९ इंच, खाली तीन-चार इंचांची घट्ट बॉर्डर. साडीवर तो फार नेटका दिसतो, कारण निऱ्या खोचतात तिथंच बॉर्डर संपते, खाली लोंबत नाही. बेळगावच्या थंडीलाही तो जाड स्वेटरपेक्षा बरा: सकाळी गारठा आणि अकराला ऊन. अडतं ते लोकरीपाशी. खडेबाजार आणि गणपत गल्लीकडे सहज मिळणारे दोन प्रकार आणि बाहेरून मागवलेला एक, असे तीन आम्ही एकाच नमुन्यावर तपासले. प्रत्येकाचा ५ इंची चौकोन, एक सुलट एक उलट अशी ४ इंची बॉर्डर, मग धुऊन, वाळवून पुन्हा मोजमाप.

सुयांची काळजी नको. जुन्या ब्रिटिश पत्रकांत जे नंबर असतात तेच नंबर आपल्या दुकानांत आजही चालतात. १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन पत्रक असेल तर मात्र सांभाळा, तिथं क्रम उलटा असतो.

खरी फसगत ‘प्लाय’ या शब्दात आहे. प्लाय म्हणजे पिळलेल्या धाग्यांची संख्या, जाडी नव्हे. दुकानात फोर-प्लाय मागितली की चार धाग्यांची कुठलीही लोकर समोर येते, कधीकधी चांगली जाडसुद्धा. जुना नमुना बहुधा इंचाला ७ ते ८ टाके धरून लिहिलेला असतो. आजच्या डबल निटिंगला, म्हणजे मध्यम जाडीच्या लोकरीला, इंचाला साडेपाच टाके बसतात. म्हणजे ८ च्या हिशेबानं पाठीला १२८ टाके घातले तर १६ इंच व्हायला हवेत, ते २३ होतात, आणि ३२ छातीचा जंपर ४६ चा होऊन बसतो. म्हणून लेबलवरचा प्लाय वाचू नका, टाके मोजा. चौकोन विणून, धुऊन, मधल्या चार इंचांतले टाके मोजायचे आणि चारानं भागायचं. कडेचे टाके धरायचे नाहीत, ते सैल असतात.

पहिला प्रकार बेबी वूल. नावात वूल असलं तरी हे बहुतेक ठिकाणी निखळ ॲक्रिलिक असतं. मऊ, स्वस्त, बारीक, १२ नंबरवर इंचाला ७ टाके सहज येतात. पण जुन्या जंपरचा सगळा घाट बॉर्डरवर उभा असतो आणि नेमकी तिथंच ही लोकर हरते. बॉर्डर दुप्पट ताणून रात्रभर ठेवली. सकाळी सोडल्यावर खऱ्या लोकरीची जवळजवळ मूळ मापावर आली, ॲक्रिलिकची मधे फुगून राहिली. लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोड असते, ती त्याला परत ओढते. ॲक्रिलिकला दिलेली नागमोड वापरात लवकर सैल पडते. जाळीचा नमुनाही धुतल्यावर उघडून राहत नाही. त्यावर वाफेची इस्त्री फिरवण्याचा मोह टाळा: तंतू उष्णतेनं मरगळतो आणि मग काही केलं तरी पूर्ववत होत नाही. हीच वापरायची असेल तर बॉर्डर अंगापेक्षा दोन नंबर बारीक सुयांवर विणा आणि टाके दहातला एक या प्रमाणात कमी घाला. रंगांचीही अडचण आहे. फिका गुलाबी, फिका पिवळा भरपूर. जुन्या जंपरचे बाटली-हिरवा, विटकरी, मोहरी हे रंग मिळाले तर नशीब.

दुसरा प्रकार लोकर-ॲक्रिलिक मिश्र. पहिल्यांदा जुना नमुना हाती घेणाऱ्यानं हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत. ११ नंबरवर इंचाला साडेसात टाके आले, बॉर्डर बऱ्यापैकी आखडली, गडद रंगही मिळाले. दोष एकच, काखेत आणि बाहीच्या आतल्या बाजूला गोळे येतात. सैल पिळाच्या धाग्याला जास्त येतात, म्हणून घेण्याआधी धाग्याचं टोक दोन बोटांत चोळून पाहा. लगेच पिसारला तर तो ठेवून द्या.

तिसरी शुद्ध मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर, जुन्या पत्रकांत थ्री-प्लाय म्हणतात त्या जाडीची. १२ नंबरवर बरोबर ८ टाके. सुईवरून उतरवल्यावर चौकोन ओबडधोबड दिसतो, त्यानं खचून जाऊ नका. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून, टॉवेलात दाबून, टाचण्यांनी मापावर ताणून वाळवला की टाके एका रांगेत बसतात आणि जाळी डोळ्यांत भरते. मात्र मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो असेल तर चौकोन धुतल्याशिवाय एक टाकाही घालू नका. तिच्या तंतूवरचे खवले प्रक्रियेनं काढलेले किंवा झाकलेले असतात, ते एकमेकांना धरत नाहीत, आणि कापड ओलं झालं की वाढतं. किमतीला ही ॲक्रिलिकच्या कितीतरी पट.

चिकोडी-गोकाककडच्या धनगरी लोकरीचा जंपर होईल का, असं बरेच जण विचारतात. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि केसाळ. घोंगडीला तिच्यासारखी नाही, पण अंगालगत आणि इंचाला ८ टाके, हे तिचं काम नाही.

किती घ्यायची? जुन्या पत्रकात वजन औंसात असतं. एक औंस २८.३५ ग्रॅमचा, म्हणजे ७ औंसांना जवळजवळ २०० ग्रॅम. ॲक्रिलिक लोकरीपेक्षा हलकं, त्यामुळं तेवढ्या वजनात थोडी उरते. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांना रेशन होतं आणि विणायच्या लोकरीलाही कूपन लागे. आखूड बाह्या, आखूड अंग आणि उरलेल्या धाग्यांचे रंगीत पट्टे या काळात इतके दिसतात ते त्यामुळं. घरात अर्धे गुंडे पडून असतील तर असा पट्ट्यांचा नमुना शोधा.

बरेचसे नमुने ३२ ते ३४ छातीच्या एकाच मापात असतात. टाके न बदलता माप वाढवायचं तर सुई बदला. तेच १२८ टाके, इंचाला ८ ऐवजी साडेसात पडले की ३२ चे ३४ होतात. ७ पडले की साडेछत्तीस. त्यापुढं ओढू नका, कापड जाळीदार होतं. अंबाडा घालणाऱ्यांनी मागं किंवा खांद्यावर बटणं असलेलाच नमुना निवडावा, कारण हे गळे वरपर्यंत बंद असतात. १९४० च्या दशकातल्या चुणीच्या बाह्या नुसत्या विणल्या तर खांद्यावरून कोसळतात. त्यांना आतून पॅड लागतात, टेलरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात.

खरेदीची एक गोष्ट. एका दुकानातल्या सीलबंद पाकिटातल्या दहा गुंड्यांत दोन वेगळ्या लॉटचे, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेले, निघाले. ट्यूबलाइटखाली काही कळलं नाही, घरी उन्हात पाठीवर आडवी रेघ दिसली. ‘काका, सगळे एकाच लॉटचे द्या’ असं आधीच सांगा, लेबलं जुळवा आणि पायरीवर येऊन उजेडात रंग बघा. तरी फरक निघालाच तर दोन ओळी एका गुंड्याच्या, दोन दुसऱ्याच्या अशा विणत गेलं की रेघ विरते. आणि एक गुंडा जास्तीचा घ्या. त्यातला थोडा धागा जंपरबरोबरच धूत जा: कोपर झिजेल तेव्हा रफूचा धागा जंपरइतकाच फिका झालेला असेल.