पडवीवर मंगळुरी कौलं की पत्रा?

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमच्या पडवीवर कौलं आहेत, समुद्राकाठी मांद्रेला मावशीकडे पत्रे. दोन दिवसांत बसले, खर्चही कमी. पण मे महिन्यात दुपारी तिथे बसवत नाही, आणि पाऊस लागला की फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. खाऱ्या वाऱ्याने पहिल्यांदा स्क्रूभोवती गंज धरला.

कौलांचं दुखणं वेगळं. एकेक कौल सुमारे अडीच किलोचं, चौरस मीटरला 15-16 लागतात. खालचा सांगाडा दणकट हवा. त्यात माकडं! एक उडी, दोन कौलं खलास. म्हणून जूनच्या आधी शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, ठरलेलीच. पण फुटलं तेवढंच बदलता येतं.

मी कौलांच्याच बाजूने. वासे मात्र लोखंडी पाइपचे घातले. वाळवीला एकदा पुरेसं खाऊ घालून झालंय.